जोना लोमू : मोठा खेळाडू की नुसता मोठा माणूस?

दांडियाबाजारकर
मंडळी, क्रिकेट आणि गरबा सोडून तिसऱ्याच विषयावर धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या कन्येने शाळेत रग्बी घेतलंय. सात-सात जणींचं असतं ते. घरात आधी सगळे हसले, मग तिच्या आजीने "हातपाय मोडून आलीस तर दारातून आत घेणार नाही" असा दम भरला, तरी पोरगी सकाळी उजाडायच्या आत मैदानावर हजर. शाळेसाठी कधी उठली नाही हो अशी.

तर तिच्या सरांनी मुलींना १९९५ च्या विश्वचषकातला उपांत्य सामना दाखवला. न्यूझीलंड वि. इंग्लंड, केप टाउन. तेव्हापासून घरात उठता-बसता न्यूझीलंडचा जोना लोमू. काल मीही बसून पाहिला. १.९६ मीटर उंची, १२० किलोच्या आसपास वजन, वय २०. चेंडू काखेत मारतो आणि सुटतो. मांडवीत सांड उधळला की लोक दुकानांच्या पायऱ्या चढतात, तसं इंग्लंडवाल्यांचं झालं. एक जण पायऱ्या चढायला चुकला, तर त्याच्या अंगावरूनच गेला हा बाबा.

आता माझा प्रश्न. यात खेळ कुठे आहे? एवढं धूड कोणालाही दिलं तर तो पळेलच की. सरांबद्दल आदर आहे, पण चाळीस किलोच्या मुलींनी हे बघून शिकायचं काय? जाणकारांनी सांगावं.

सेवउसळ_तरी_मारके
रग्बी म्हणजे तेच ना, ज्यात सगळे एकमेकांवर पडलेले असतात आणि चेंडू कुठे आहे ते पंचालाही माहीत नसतं?

शिट्टीवाले_सर
@सेवउसळ, पंचाला माहीत असतं. पालकांना नसतं.

थोडक्यात सांगतो. चेंडू हातात घेऊन कितीही पुढे पळा, पण पास द्यायचा तो मागे किंवा सरळ बाजूलाच. पुढे दिलात की शिट्टी. पलीकडच्या रेषेपल्याड चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. त्यावर लाथेने गोल केला की आणखी दोन. पेनल्टीचे तीन, पळता पळता जमिनीवर टप्पा पाडून मारलेल्या ड्रॉप गोलचेही तीन. मोठा खेळ पंधरा जणांचा, ८० मिनिटं. मुलींचा तो सेव्हन्स, सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान मात्र तेवढंच मोठं, त्यामुळे दम निघतो. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

प्रश्नाचं उत्तर सवडीने देतो. आत्ता शाळा सुटायची वेळ झाली.

हजारे_५७७
वजनाने खेळाडू मोठा होत असता तर विजय हजारेंना संघात कोणी घेतलंच नसतं. १९४६-४७ ची रणजी अंतिम लढत, आपलं बडोदं विरुद्ध होळकर. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ ची भागी. जगात कोणालाही जवळपास साठ वर्षं मोडता आली नाही.

सेवउसळ_तरी_मारके
आली! पाचव्या प्रतिसादाच्या आत ५७७ आली. काकांनी शब्द पाळला.

ऑकलंडी_बडोदेकर
बरीच वर्षं दक्षिण ऑकलंडात राहतोय, तेव्हा लिहितो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

लोमूचा जन्म १२ मे १९७५ चा, पुकेकोहेचा. हे गाव ऑकलंडच्या दक्षिणेला, कांद्या-बटाट्याच्या शेतीचं. नवसारी-सुरतेकडची गुजराती कुटुंबं तिथे कित्येक पिढ्या भाजीपाला पिकवतात, त्यामुळे बडोद्याच्या माणसाला "केम छो" म्हणणारा कोणीतरी भेटतोच. लोमूचे आईवडील टोंगाचे, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरचे. लहानपणी काही वर्षं त्याला टोंगात नातेवाइकांकडे ठेवलं होतं. परत आला तो मांगेरेत. गरिबीची वस्ती, पोरांच्या टोळ्या, आणि घरात मारकुटा बाप. हे त्याने स्वतःच पुढे उघडपणे सांगितलंय. पोरगं हाताबाहेर जातंय म्हणून वेस्ली कॉलेजच्या वसतिगृहात घातलं. नाव कॉलेज, आहे शाळाच. तिथे पळणं, उडी, फेक, सगळ्यात हाच पहिला. रग्बीही तिथेच, पण विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, नाही. फॉरवर्डांत, म्हणजे जिथे रेटारेटी चालते तिथे.

मग निवड समितीने विचार केला की हे वजन आणि ही धाव कडेला ठेवली तर काय होईल? २६ जून १९९४, ख्राइस्टचर्च, फ्रान्सविरुद्ध पहिली कसोटी (रग्बीत देशादेशांतल्या सामन्याला कसोटी म्हणतात). वय १९ वर्षं ४५ दिवस. इतक्या लहान वयात ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, कसोटी कोणीच खेळलं नव्हतं. आणि तिथे साहेब आपटले. फ्रेंचांनी पाहिलं की पोरगा पटकन वळत नाही, कुठे उभं राहायचं ते त्याला अजून उमगलेलं नाही. लागले त्याच्या पाठीमागे चेंडू मारायला. न्यूझीलंड दोन्ही कसोट्या हरलं आणि लोमू संघाबाहेर.

दांडियाबाजारकर, तुमचं उत्तर खरं तर इथेच आहे. धूड १९९४ मध्येही तेच होतं ना?

दांडियाबाजारकर
हा मुद्दा बरोबर आहे. पण मग वर्षभरात बदललं काय?

ऑकलंडी_बडोदेकर
पुढचा हप्ता रात्री. इथे आत्ता ऑफिसात मीटिंग आहे.

आकडेबाज
तोवर मी जरा मीठ टाकतो.

लोमू : ६३ कसोट्या, ३७ ट्राय. चांगलंय. पण न्यूझीलंडच्याच डग हाउलेटच्या ६२ कसोट्यांत ४९. जो रोकोकोच्या ६८ त ४६. जपानचा दायसुके ओहाता ५८ कसोट्यांत ६९, हो, कसोट्यांहून ट्राय जास्त. दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबानाचे ६७. यांपैकी किती नावं इथे कोणी ऐकलीत? दक्षिण आफ्रिकेविरुद्ध लोमूला कसोटीत एकही ट्राय करता आला नाही. विश्वचषक एकदाही जिंकला नाही. एका दुपारचं चित्रीकरण आणि त्यावर तीस वर्षं चाललेली जाहिरात, असं माझं मत.

पोलोग्राउंड
ओहाताचे बरेच ट्राय आशियातल्या लिंबू-टिंबू संघांविरुद्धचे आहेत हो आकडेबाज. रणजीतली धावसंख्या आणि लॉर्ड्सवरची एकाच तागडीत टाकताय.

हजारे_५७७
रणजीला नावं ठेवायचं काम नाही.

पोलोग्राउंड
काका, तुम्हाला नाही म्हटलं :)

आणि आकडेच हवेत तर हेही घ्या. विश्वचषकात लोमूचे ११ सामन्यांत १५ ट्राय. १९९५ मध्ये सात, १९९९ मध्ये आठ. हबानाने २०१५ मध्ये बरोबरी केली, पण त्याला तीन विश्वचषक लागले. जिथे सगळं जग बघतं आणि समोर निवडक संघ असतात, तिथलाच हा हिशोब आहे.

सेवउसळ_तरी_मारके
दोघांचं झालं की मला कोणीतरी सांगा, जिंकलं कोण.

ऑकलंडी_बडोदेकर
आलो.

१९९५ च्या सुरुवातीला संघाची तयारीची शिबिरं होती आणि लोमू त्यात धापा टाकत होता. दमसास कमी. विश्वचषकाच्या संघात येईल की नाही हीच शंका होती. (हे लक्षात ठेवा, पुढे याला अर्थ येणार आहे.) शेवटी घेतला. २७ मे, जोहान्सबर्ग, आयर्लंडविरुद्ध दोन ट्राय. उपांत्यपूर्व फेरीत स्कॉटलंडविरुद्ध एक. मग १८ जून, केप टाउन.

तो सामना पाहताना लोमूचा डावा हात बघा. तो डाव्या विंगवर, म्हणजे सीमारेषा डावीकडे. चेंडू कायम डाव्या काखेत, रेषेच्या बाजूला. उजवा हात मोकळा, समोरच्याला ढकलायला. पहिल्या ट्रायला इंग्लंडच्या टोनी अंडरवुडला बाहेरून चकवलं. त्यांचा कार्लिंग मागून झेपावला, त्याचा हात पायाला लागला आणि लोमूचा तोल गेला. पडता पडता समोर आला माइक कॅट. लोक म्हणतात अंगावरून चालत गेला, पण तो तेव्हा स्वतःच कोलमडत होता. तशा अवस्थेत पाय उचलत राहायचं आणि चेंडू सोडायचा नाही, याला नुसतं वजन पुरत नाही. बाकी तीन ट्राय शांतपणे बघा, त्यांत निव्वळ धाव आहे. शंभर मीटर तो ११ सेकंदांच्या आत पळायचा. चार ट्राय, ४५-२९.

आणि गंमत बघा, हे सगळं फुकट. रग्बी युनियन, म्हणजे हा पंधरा जणांचा प्रकार, तेव्हा कागदोपत्री हौशी खेळ होता. २६ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे विश्वचषक संपल्यावर दोन महिन्यांनी, पॅरिसच्या बैठकीत खेळाडूंनी पैसे घेण्यावरची बंदी उठवली. अंतिम सामन्याच्या तोंडावर टीव्ही-वर्तमानपत्रवाल्या मर्डोकच्या कंपनीने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या संघटनांशी दहा वर्षांचा ५५ कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार केला होता. एकट्या लोमूमुळे झाला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण टीव्हीवाल्यांना विकायला चेहरा मिळाला तो हाच.

अंतिम फेरी २४ जून, एलिस पार्क. मंडेला सहा क्रमांकाची हिरवी जर्सी घालून आले तोच सामना. आफ्रिकेने लोमूला पळायला जागाच दिली नाही. एकाने अडवला की दुसरा तयार, तिसरा मागे. त्यांचा जोस्ट व्हान डर वेस्टहाउझन, लोमूपुढे अगदीच लहानखुरा, त्याने त्याला पायातून धरून पाडला. जादा वेळेत आफ्रिकेच्या स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलवर १५-१२, आफ्रिका जिंकली. न्यूझीलंडचे बरेच खेळाडू दोन दिवस आधी उलट्या-जुलाबांनी आडवे झाले होते, यावर इथे लोक अजून तावातावाने भांडतात. मी पडत नाही त्यात.

@दांडियाबाजारकर, तुमच्या मुलीला उपांत्य सामन्याबरोबर अंतिम सामनाही दाखवा. चाळीस किलोवाल्यांनी बघण्यासारखं तिथे जास्त आहे.

दांडियाबाजारकर
हे आवडलं. वेस्टहाउझनचा तो टॅकल शोधतो.

वाचनमात्र
अवांतर : रग्बीचं आणि आपल्या रुपयाचं नातं माहीत आहे का कोणाला? कलकत्त्यात इंग्रजांचा रग्बी क्लब होता. तो १८७० च्या दशकातच मोडला. बँकेत शिल्लक होते चांदीचे रुपये. ते वितळवून चषक केला, नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी त्यासाठी खेळतात. कलकत्ता कप.

सेवउसळ_तरी_मारके
म्हणजे आपलेच पैसे. कोहिनूरच्या यादीत घाला.

हजारे_५७७
सयाजीराव महाराजांनी मनावर घेतलं असतं तर बडोद्यातही चषक निघाला असता. पण त्यांनी ग्रंथालयं काढली, ते बरं केलं.

चार_तासांची_ड्यूटी
मी सहसा लिहीत नाही. रग्बीतलं फार कळत नाही, पण लोमूचं नाव आमच्याकडे वेगळ्या कारणाने माहीत आहे. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, बडोद्यातच.

वर ऑकलंडच्या दादांनी लिहिलंय की १९९५ च्या सुरुवातीला त्याला दम लागत होता. त्याच वर्षाच्या अखेरीला निदान झालं, नेफ्रोटिक सिंड्रोम. किडनीची चाळणी सैल होते आणि रक्तातली प्रथिनं लघवीवाटे निघून जातात. लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर सूज, आणि थकवा असा की जिना चढवत नाही. त्याला विश्वचषकाच्या वेळी किती त्रास होता हे मी सांगू शकत नाही, पण हा आजार एका रात्रीत येत नाही. पुढे जड औषधं, १९९७ चा बराच काळ खेळ बंद. तरी १९९८ ला क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्सचं सुवर्ण. १९९९ ला आठ ट्राय. शेवटची कसोटी नोव्हेंबर २००२, वेल्सविरुद्ध. २००३ मध्ये डायलिसिस.

डायलिसिस म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. पेशंट आला की आधी काट्यावर. मागच्या वेळेपेक्षा किती किलो वाढलं, तेवढं पाणी काढायचं. मग हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेवर, बोटं ठेवून आतली थरथर लागतेय ना बघायचं. दोन जाड सुया. चार तास. एवढ्या वेळात पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तदाब पडतो, लोक ओरडतात. मे महिन्यात आमचे पेशंट बर्फाचा खडा तोंडात धरतात, कारण दिवसाचं पाणी मापातलं. लोमूच्या पायांतल्या नसाही खराब झाल्या होत्या, चाकाच्या खुर्चीपर्यंत वेळ येईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शंभर मीटर ११ सेकंदांच्या आत पळणारा माणूस, त्याला नीट चालता येईना.

पोलोग्राउंड
ताई की दादा माहीत नाही, पण फार छान लिहिलंत. म्हणजे आकडेबाजांचे ३७ ट्राय हे निम्म्या किडनीवरचे झाले. आता बोला, सर्वांत महान की नाही?

चार_तासांची_ड्यूटी
ताई.

आणि नेमकं हेच मला पटत नाही. "आजारी असून खेळला म्हणून महान" हे वाक्य आमच्या सेंटरवर रोज ऐकते. नातेवाईक पेशंटला सुनावतात, "अमका बघ, डायलिसिसवर असून नोकरी करतो, तू नुसता पडून." ज्याला उठवत नाही त्याला उठवत नाही. तो भित्रा नसतो. लोमू खेळू शकला कारण त्याचं शरीर मुळात तसं होतं, आजार सावकाश वाढत गेला, आणि देश त्याच्या मागे होता. तो खेळाडू मोठा असेल तर खेळाने मोठा. किडनीचे गुण वेगळे देऊ नका.

आकडेबाज
इथे मी ताईंच्या बाजूने. आजार बाजूला ठेवा आणि खेळावर बोला.

पोलोग्राउंड
आजार बाजूला कसा ठेवणार? थकव्याचा खेळावर परिणाम होतो ना. हाउलेटच्या आणि लोमूच्या ट्रायची तुलना करताना दोघं एकाच रक्तावर पळत होते असं धरायचं का? मी सहानुभूती मागत नाहीये. खेळपट्टी कशी होती ते विचारतोय, एवढंच.

चार_तासांची_ड्यूटी
हे असं मांडलंत तर चालेल.

रावपुऱ्याची_वहिनी
ड्यूटीताई, तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

माझ्या धाकट्या भावाला मी किडनी दिलीय. नडियादला ऑपरेशन झालं. सख्खी बहीण, तरी नात्याचे पुरावे, दोघांचे जुने फोटो, शाळेचे दाखले, सगळं मांडून बसावं लागलं. बरोबरच आहे म्हणा, पैसे देऊन व्यवहार होऊ नयेत म्हणून १९९४ चा कायदा आहे. मित्राने द्यायची म्हटलं तर आपल्याकडे समितीपुढे उभं राहून 'मी मायेपोटी देतोय' हे पटवून द्यावं लागतं. लोमूला देणारा कोण होता? ग्रँट केरेआमा, वेलिंग्टनचा रेडिओवाला. ना सख्खा ना चुलत. जुलै २००४. लोक लोमूची पुनरागमनं मोजतात, मी या माणसाचा विचार करते.

आणि एक गोष्ट खेळवाल्यांना माहीत नसेल. नवी किडनी जुनीच्या जागी बसवत नाहीत. पुढे, ओटीपोटात, बाजूला बसवतात. फासळ्यांची ढाल नाही, कातडीखाली हाताला लागते. माझा भाऊ आजही बसच्या गर्दीत चढताना पिशवी पोटाशी धरतो. नवरात्रात गरब्याच्या वर्तुळात शिरत नाही, कोणाचं कोपर लागलं तर? आणि हा मनुष्य तसलं पोट घेऊन रग्बी खेळायला परत गेला! २००५ च्या डिसेंबरात, वेल्समधल्या कार्डिफला. मला तर वाचूनच धडकी भरली. केरेआमाला काय वाटलं असेल?

दांडियाबाजारकर
वहिनी, नमस्कार तुम्हाला.

ऑकलंडी_बडोदेकर
कार्डिफनंतर २००६ ला इथे नॉर्थ हार्बरकडून थोडे सामने खेळला. त्याला २००७ च्या विश्वचषकाची आशा होती, जमलं नाही. २००९ मध्ये फ्रान्सात मार्सेलजवळच्या एका क्लबकडून, तिसऱ्या श्रेणीत. ते बघवत नव्हतं असं म्हणणारे इथे बरेच आहेत. मी त्यांतला नाही. ज्याला सोळाव्या वर्षापासून एकच गोष्ट येत होती तो ती करायला गेला.

२०११ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता. ईडन पार्कवर उद्घाटनाच्या कार्यक्रमात तो होता, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्पितळात. बसवलेली किडनी गेली. पुन्हा डायलिसिस, शेवटपर्यंत. २०१५ च्या विश्वचषकासाठी इंग्लंडला गेला तेव्हाही डायलिसिस चालूच. दुबईत थांबून घरी आला आणि १८ नोव्हेंबरला गेला. ४० वर्षांचा होता. मुलं लहान, दोन. नंतर कळलं की मागे पैसा फारसा उरलेलाच नाही. खेळाडूंच्या संघटनेने मुलांसाठी निधी उभारला. ज्याच्या चेहऱ्यावर खेळात कोट्यवधी आले त्याची ही गत.

सेवउसळ_तरी_मारके
आता विनोद सुचत नाही. पुढच्याने करा.

हजारे_५७७
पैशाचं म्हणाल तर आमच्या काळच्या रणजीवाल्यांना काय मिळायचं ते विचारू नका. रेल्वेचं तिकीट आणि चहा. नोकरी संस्थानात असली तरच चूल पेटायची. त्यामुळे मला या माणसाबद्दल वाईट वाटलं. चांगला खेळाडू दिसतोय.

पोलोग्राउंड
काकांनी मान्य केलं! धागा वर पिन करा.

आकडेबाज
मी अजून मान्य केलेलं नाही, नोंद असावी. शिखर उंच होतं, पठार लहान. मी पठार मोजतो.

ऑकलंडी_बडोदेकर
शिखरच मोजायचं तर १५ जुलै २००० चा सिडनीचा सामना बघा. १,०९,८७४ प्रेक्षक. न्यूझीलंड सुरुवातीलाच बरंच पुढे, ऑस्ट्रेलियाने भरून काढलं, पुढेही गेले. अगदी शेवटी चेंडू डावीकडे लोमूकडे. जागा किती? रेषेला लागून एक पट्टी. ऑस्ट्रेलियाच्या लारकमला ढकललं आणि त्या पट्टीवरून टाचा उचलून, पाय बाहेर पडू न देता पळाला. ३९-३५. यात कोणाच्या अंगावर चालणं नाही.

दांडियाबाजारकर
आत्ताच कन्येबरोबर पाहिला. तिने तो रेषेवरचा तुकडा पुन्हा पुन्हा लावला. माझं मत असं : केप टाउनचा लोमू मला अजूनही फार रुचत नाही, सिडनीचा रुचला. १९९४ वाला मुद्दा डोक्यात बसलाय. पण मूळ प्रश्न शिल्लकच आहे. चाळीस किलोच्या मुलीने टॅकल कसा करायचा? काल सरावात तिला चांगलाच धक्का बसलाय, खांदा चोळत आली.

सेवउसळ_तरी_मारके
माणिकरावांच्या आखाड्यात न्या, दांडिया बाजारातच तर आहे. हाडं बसवण्यात त्यांचा हातखंडा.

शिट्टीवाले_सर
परीक्षांच्या गडबडीत होतो. आता उत्तर.

आखाडा हाड सरकलं तर. आधी डॉक्टरला दाखवा, हात वर जातोय का बघा, दोन-तीन दिवस टॅकल बंद.

मुलींना लोमू मीही दाखवतो, पण आवाज बंद करून आणि लोमूकडे न बघता. इंग्लंडवाल्यांकडे बघायला सांगतो. ते उभ्याउभ्या, हात पुढे करून, छातीच्या उंचीवर धरायला जातात. चाळीस किलोने तसं केलं तर उडणारच, समोर लोमू असो की आठवीतली मुलगी. मग वेस्टहाउझन दाखवतो. कंबरेतून नाही, गुडघ्यांतून वाकायचं. पाठ सरळ, नजर वर. खांदा मांडीवर लागला पाहिजे, आणि डोकं तिच्या मागच्या बाजूला, कधीही पुढ्यात नाही. मानेला दुखापत होते ती डोकं पुढ्यात गेल्यामुळे. मग दोन्ही हातांनी पाय आवळायचे आणि पाय चालवत राहायचे. आवळलेल्या पायांनी कोणीच पळू शकत नाही, १२० किलो असले तरी.

तुमच्या मुलीचा खांदा दुखतोय म्हणजे ती बहुधा हातांनी थांबवायला जातेय. माझ्याकडे नव्या मुलींना आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हळू पळत टॅकल करायला लावतो. पूर्ण वेगाने बऱ्याच उशिरा. तिच्या सरांना विचारा, तेही असंच करत असतील. घाई करत असतील तर स्पष्ट बोला, पालकाने बोलायलाच हवं.

आणि माउथगार्ड घेतलाय का? खेळाच्या दुकानात गरम पाण्यात टाकून चावायचा मिळतो. पाण्यातून काढल्यावर लगेच तोंडात नको, क्षणभर थांबा. मग दात घट्ट मिटून, जिभेने टाळूला दाबून, ओठांनी हवा ओढून घ्या. नीट बसला की तोंड उघडलं तरी पडत नाही. पडला तर पुन्हा गरम पाणी.

दांडियाबाजारकर
आजच आणतो. सर, तुमच्या मुलींचा सराव कुठे असतो? एखाद्या रविवारी दोन्ही शाळांचा मित्रत्वाचा सामना होईल का?

शिट्टीवाले_सर
होईल की. मांजलपूरला या, सकाळी साडेसहा. उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या दोन फेऱ्या. पालकांनाही.

सेवउसळ_तरी_मारके
मी साडेआठला येतो, थेट नाश्त्याला. फेऱ्या आकडेबाज मोजतील.